वाफसा सांगणारी मातीची कुपी



ऊस गाळपाला आला म्हणजे आपण सगळे वजनकाट्यावर डोळा ठेवून असतो. गाडीचे वजन किलोपर्यंत तपासतो, रिकव्हरी दशांशापर्यंत विचारतो आणि बिलातली कपात पैशापर्यंत मोजून घेतो. हे योग्यच आहे. पण त्याच उसाला वर्ष-दीड वर्ष पाणी देताना आपले मोजमाप कोणते? पाळी आली, सोडलं पाणी. वीज आली, चालू केली मोटर. सरी भरली की पाणी पोचलं असं समजायचं. बांधावर उभे राहून रान काळे दिसले की समाधान मानायचे. पिकाला जे सर्वांत जास्त देतो त्याचेच माप आपल्याकडे नाही, ही गोष्ट जरा विचार करण्यासारखी आहे.

जुनी माणसे म्हणतील, माप कशाला हवे? वाफसा आम्हाला पायाला कळतो. खरे आहे. मूठभर माती हातात दाबून तिचा गोळा कसा होतो, कसा फुटतो, यावरून जाणता शेतकरी पुष्कळ काही सांगू शकतो. पण हाताला कळते ती वरच्या वितीतली माती. उसाची कामाची मुळे दोन फुटांपर्यंत असतात, आणि तिथे काय चालले आहे ते हाताला किंवा पायाला कळत नाही. ते सांगणारे एक साधे साधन आहे. भाजलेल्या मातीची बोटभर कुपी, तिला जोडलेली नळी आणि वर एक काटा. शास्त्रात याला टेन्सिओमीटर म्हणतात. ही कुपी काम कशी करते हे कळले की काळ्या रानात पाणी कसे वागते आणि जमिनीला मीठ का फुटते, हेही आपोआप उलगडते. म्हणून या अंकात हा विषय थोडा मुळापासून मांडत आहोत.

अळू आणि उसाचे पान

पाण्याचा थेंब कुठे थांबेल, कुठे घसरेल आणि कुठे आत शिरेल हे ज्या गोष्टींवर ठरते त्या डोळ्याला दिसत नाहीत. त्या मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा.

अळवावरचे पाणी ही म्हण आपल्या घराघरात आहे. अळूच्या पानावर पाणी टाकले तर मोत्यासारखा थेंब होऊन घरंगळतो, पान कोरडेच्या कोरडे. कमळाच्या पानाचेही तसेच. असे का होते याचा उलगडा जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली सविस्तर मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हे पान गुळगुळीत नसतेच. त्यावर काही मायक्रॉन उंचीचे बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर त्याहून कितीतरी बारीक मेणाचे कण असतात. थेंब या टोकांवर टेकतो आणि मधल्या खोलगट जागेत हवा अडकून राहते. म्हणजे थेंब पानावर कमी आणि हवेवर जास्त बसलेला असतो. म्हणून तो धरत नाही, आणि जाता जाता पानावरची धूळही घेऊन जातो.

आता आपल्या उसाकडे वळू. उसालाही मेण आहे. कांडीच्या पेऱ्याखाली जो पांढरा भुरा हाताला लागतो ते मेणच. गाळपात त्याचा मोठा भाग प्रेसमडमध्ये जातो. पानावरही मेणाचा पातळ थर आणि बारीक लव असते. त्यामुळे नुसत्या पाण्यात कालवलेले औषध फवारले तर मोठे थेंब पानावरून ओघळून सरीत पडतात. पैसे आपले, पोट मातीचे. फवाऱ्यात स्टिकर घालायचा तो याचसाठी. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, थेंब फुगून न बसता पसरतो आणि पानाला धरतो. मात्र स्टिकर जास्त झाला तर पाणी इतके पसरते की एकत्र होऊन वाहून जाते. म्हणून डब्यावर जे प्रमाण छापले असेल तेच पाळावे. थेंबाच्या आकाराचेही असेच आहे. एक थेंब निम्म्या व्यासाचा केला तर तेवढ्याच औषधातून ८ थेंब होतात आणि पान जास्त झाकले जाते. पण फारच बारीक केले तर वारा ते शेजाऱ्याच्या रानात नेतो. ड्रोनने फवारणी करणाऱ्यांनीही हा हिशेब विसरू नये.

यातून एवढे ध्यानात ठेवावे की पृष्ठभाग दोन स्वभावाचे असतात. काही पाण्याला दूर ढकलतात, काही ओढून घेतात. अळूचे पान पहिल्या स्वभावाचे, आपली माती बहुतांशी दुसऱ्या.

मातीतल्या बारीक नळ्या

दिव्यातली वात तेल वर ओढते, टॉवेलचे एक टोक बादलीत राहिले तर पाणी काठावरून बाहेर येते. याच ओढीने माती पाणी धरून ठेवते. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे वेड्यावाकड्या बारीक नळ्याच. इंग्लंडमधील वैद्य जेम्स ज्युरिन यांनी १७१८ साली दाखवून दिले की नळी जितकी बारीक तितके पाणी तिच्यात उंच चढते. हिशेब सोपा आहे. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. नळी दहापट बारीक केली तर सुमारे ३० सेंटिमीटर. शंभरपट बारीक, म्हणजे १० मायक्रॉनची केली, तर ३ मीटर.

मुरमाड आणि वाळूच्या रानात फटी मोठ्या, म्हणून पाणी भराभर खाली जाते आणि थोडेच धरले जाते. आपल्या काळ्या रानात चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक, त्यांच्यामधल्या फटी त्याहून बारीक. म्हणून काळे रान भरपूर पाणी धरते. पण धरलेले सगळे पाणी पिकाला मिळत नाही, हे इथे समजून घेतले पाहिजे.

हा हिशेब सभासदांना वेगळा समजवायला नको. आपल्या नावावर कारखान्यात रक्कम असते. काही रक्कम हवी तेव्हा उचलता येते, काही मुदतीनंतर मिळते आणि काही बिनपरतीची ठेव असते. पासबुकात सगळीच आपल्या नावावर दिसते. जमिनीतल्या पाण्याचे तंतोतंत असेच आहे. मोठ्या फटीतले पाणी मुळांना सहज उचलता येते. बारीक फटीतले ओढून घ्यावे लागते, त्यात पिकाची ताकद खर्ची पडते. आणि अगदी बारीक फटीतले पाणी ही बिनपरतीची ठेव. माती हाताला ओलसर लागते पण ऊस दुपारी पाने गुंडाळतो, तेव्हा शिल्लक राहिलेले पाणी या प्रकारचे असते. म्हणून जमिनीत पाणी किती आहे एवढे विचारून भागत नाही. ते ओढून घ्यायला मुळाला जोर किती लावावा लागतो, हा खरा प्रश्न आहे. वाफसा म्हणजे तरी काय? मोठ्या फटींत हवा खेळती आहे आणि मधल्या फटींत पाणी सहज मिळण्याजोगे आहे, अशी स्थिती.

मीठ वर कसे येते

या बारीक नळ्या जसे पाणी धरतात तसे खालून वरही ओढतात, आणि आपल्या नदीकाठच्या बागाईत पट्ट्याचे दुखणे इथेच आहे. वर्षानुवर्षे सरी भरभरून पाणी दिले, निचऱ्याची सोय नाही, तेव्हा जादा पाणी खाली साठत जाते आणि भूजलाची पातळी वर येते. ही पातळी साधारण दीड-दोन मीटरच्या आत आली की काळ्या मातीच्या नळ्या ते पाणी रात्रंदिवस वर ओढू लागतात. पृष्ठभागावर ऊन पाण्याची वाफ करते. पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र जागेवर राहतात. रोज थोडे थोडे. काही वर्षांत रानावर पांढरा थर दिसू लागतो आणि लोक म्हणतात, जमिनीला मीठ फुटलं. मीठ फुटले नाही, आपणच ते पाणी देऊन वर बोलावले.

एक आकडेमोड करून पाहावी. एका एकरावर १० सेंटिमीटर पाणी उभे केले तर ते सुमारे ४ लाख लिटर होते. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम क्षार आहेत. तर त्या एका पाण्याबरोबर एकरात ४०० किलो, म्हणजे ५० किलोची ८ पोती क्षार आपण रानात ओततो. पाणी गरजेपुरते असेल, निचरा चांगला असेल आणि पावसाळ्यात रान धुतले जात असेल तर ते निभावते. पण गरज नसताना दिलेली प्रत्येक जादा पाळी म्हणजे ही पोती वाढवणे आणि वर भूजल वर उचलणे. खताचे पोते आपण मोजून टाकतो, आणि मिठाची पोती न मोजता.

जमीन बिघडली की ती सुधारायला भूमिगत निचरा, चर, हिरवळीचे खत असा मोठा आणि लांबणारा खर्च येतो. मीठ सोसणाऱ्या जाती लावून काही काळ तगता येते, पण मुळातले कारण राहतेच. आजोबांनी राखलेली जमीन नातवाच्या हाती पांढरी द्यायची नसेल तर पाण्याचे माप ठेवणे भाग आहे.

माठाचा नातेवाईक

आता त्या कुपीकडे येऊ. घरातला माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते. भाजलेल्या मातीत असंख्य बारीक छिद्रे असतात, त्यातून पाणी बाहेर येते आणि उडून जाते. हाच माठ रानात गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरला तर काय होते? भोवतालची माती कोरडी असेल तर ती छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली असेल तर ओढ संपते आणि माठ भरलेलाच राहतो. मडक्याने झाडाला पाणी देण्याची रीत याच तत्त्वावर आहे. तोटी नाही, चावी नाही, माती स्वतःच हवे तेवढे घेते.

टेन्सिओमीटर हा या माठाचा नातेवाईक. फरक इतकाच की याचे तोंड बंद असते. नळीच्या खालच्या टोकाला सच्छिद्र कुपी, नळी पाण्याने काठोकाठ भरलेली, वर हवाबंद बूच आणि बाजूला निर्वात दाखवणारा काटा. माती सुकली की कुपीतून पाणी ओढते. पण नळी बंद आहे, आत हवा येऊ शकत नाही, म्हणून आत ताण तयार होतो आणि काटा सरकतो. माती जितकी कोरडी तितका काटा पुढे. पाणी दिले की माती पाणी परत करते, ताण उतरतो आणि काटा मागे येतो. म्हणजे हा काटा मुळाच्या जागी बसून, मुळाला किती जोर लावावा लागतो तेच सांगतो. अमेरिकेत विलार्ड गार्डनर आणि लोरेन्झो रिचर्ड्स या मृदा-भौतिक शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या साधनाचा पाया घातला.

सगळी करामत कुपीच्या छिद्रांत आहे. ओल्या छिद्रातून पाणी जावे पण हवा जाऊ नये, तरच आतला ताण टिकतो. वरचा नळीचा हिशेब इथेही लागू पडतो. छिद्र ३ मायक्रॉनचे असेल तर त्यातले पाणी बाहेर ढकलायला सुमारे १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे जवळजवळ एका वातावरणाइतका दाब लागतो. म्हणून चांगल्या कुपीची छिद्रे दोन-तीन मायक्रॉनच्या वर नसतात. शिवाय ती सगळी सारखी असावी लागतात. बांध कितीही भक्कम असला तरी एका उंदराच्या बिळाने पाणी जाते, तसे एकच मोठे छिद्र राहिले तर तिथून हवा शिरते आणि साधन निकामी होते. गावच्या माठात छिद्रे लहानमोठी असतात. कुपी करताना मातीचे कण चाळून सारखे घ्यावे लागतात आणि भाजणीही ठरावीक तापमानाला ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट. कुपीला तेलकट हात लावू नये असे सांगतात, ते उगाच नव्हे. तेलाचा थर बसला की पाण्याला ओढणारा पृष्ठभाग पाण्याला ढकलणारा होतो. म्हणजे कुपीचे अळूचे पान झाले म्हणायचे. मग ती मातीशी बोलायचे सोडते.

काटा कसा वाचावा

काट्यावर ० ते १०० सेंटिबार अशा खुणा असतात. सर्वसाधारण अर्थ असा :

० ते १० : रान तुंबलेले आहे, मुळांना हवा नाही. पाणी देऊन दोन-तीन दिवस झाल्यावरही काटा इथेच असेल तर पाणी जादा झाले किंवा निचरा नाही.

१० ते ३० : चांगला वाफसा. पाण्याची गरज नाही.

३० ते ६० : बहुतेक जमिनींत पाणी देण्याची वेळ. हलक्या रानात अलीकडच्या आकड्याला, मध्यम रानात मधल्या.

६० च्या पुढे : भारी चिकणमातीतच इथपर्यंत थांबता येते. इतर रानात पिकाला ताण बसतो.

हे आकडे दिशा दाखवणारे आहेत. उगवण आणि फुटव्याच्या काळात ताण देऊ नये, तोडणीपूर्वी मात्र पाणी आपण मुद्दाम तोडतो. तेव्हा जमीन, जात आणि पिकाचे वय पाहून आपल्या रानाचा आकडा शेतकी खात्याच्या सल्ल्याने ठरवावा.

साधन ८० ते ८५ सेंटिबारपर्यंतच काम करते. त्यापुढे आतल्या पाण्यात बुडबुडे सुटतात, ताण तुटतो आणि काटा शून्याकडे परत येतो. यात फसगत होते. रान कोरडे ठणठणीत आणि काटा शून्यावर, म्हणजे ओल आहे असे समजू नये. आत हवा शिरली असे समजून नळी पुन्हा भरावी.

एका जागी दोन नळ्या लावाव्यात, एक ३० सेंटिमीटर खोल आणि एक ६० सेंटिमीटर. वरची नळी सांगते पाणी कधी द्यायचे. खालची सांगते किती द्यायचे. पाणी दिल्यावर खालचा काटा हललाच नाही तर पाणी खोल पोचले नाही. तो शून्याजवळ येऊन आठवडाभर तिथेच बसला तर जादा पाणी मुळांच्या खाली जात आहे, म्हणजे भूजल वाढवीत आहे. या खालच्या काट्याकडे बघायची सवय ज्याला लागली त्याच्या रानाला मीठ फुटण्याचा धोका खूपच कमी झाला म्हणायचा.

कुपी बसवताना

कुपी आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवावी. नळीत भरायचे पाणी उकळून गार केलेले असावे, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. उसाच्या ओळीत, मुळांजवळ, नळीच्याच जाडीचे भोक गिरमिटाने पाडावे. त्याच मातीचा पातळ चिखल करून भोकात ओतावा आणि मग नळी आत दाबावी. कुपी आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली तर ओढ पोचत नाही. नळीभोवती वर माती चेपून घ्यावी, नाहीतर पाणी नळीच्या कडेने सरळ खाली उतरते आणि काटा खोटे सांगतो.

वाचन रोज सकाळी एकाच वेळी घ्यावे आणि वहीत लिहावे. नळीतल्या पाण्याच्या उंचीमुळे दर १० सेंटिमीटरला सुमारे १ सेंटिबार काट्यावर जादा दिसतो, तो वजा करावा. काही काट्यांत ही दुरुस्ती आधीच केलेली असते, घेताना विचारून घ्यावे.

काळ्या रानाची एक अडचण आहे ती लपवत नाही. रान सुकले की भेगाळते आणि माती कुपीपासून सुटते. मग काटा चालत नाही. ठिबकवर, जिथे ओल सतत राखली जाते, तिथे ही अडचण कमी येते. पाटपाण्यावर दोन पाळ्यांत फार अंतर पडत असेल तर पुढील साधनांचा विचार करावा.

जिप्समचा ठोकळा आणि रंगीत दिवे

अमेरिकेतील मिशिगनमध्ये जॉर्ज बोयुकोस आणि मिक यांनी १९४० साली जिप्समचा ठोकळा पुढे आणला. जिप्सममध्येही बारीक छिद्रे असतात. ठोकळ्यात दोन तारा बसवून तो जमिनीत पुरतात. भोवतालच्या मातीप्रमाणे ठोकळा ओला किंवा कोरडा होतो, आणि तारांमधून वीज सहज किंवा कष्टाने जाते त्यावरून ओल कळते. कुपीचे काम जिथे थांबते त्या कोरड्या टप्प्यातही हा ठोकळा चालतो. मात्र जिप्सम हळूहळू विरघळते, म्हणून काही हंगामांनी तो बदलावा लागतो.

कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने, जिथून आपल्या को जाती आल्या, हातात धरायचा ओल दाखवणारा संच तयार केला आहे. दोन दांडे जमिनीत खुपसायचे आणि दिवा पाहायचा. निळा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे पाणी द्यायची वेळ, तांबडा म्हणजे ताबडतोब द्या. वाचता न येणारालाही कळेल असे हे साधन आहे.

मोबाइलवर आकडा पाठवणारी विजेवरची साधनेही आता मिळतात. ती बहुधा जमिनीचा विद्युत गुणधर्म मोजतात. पाण्याचा हा अंक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, म्हणून थोडे पाणी वाढले तरी फरक दिसतो. पण ध्यानात ठेवा, ही साधने पाणी किती आहे ते सांगतात, उचलता येईल किती ते नाही. पासबुकातली एकूण रक्कम म्हणा ना. त्यामुळे आपल्या जमिनीला बसवून घेतल्याशिवाय त्यांच्या आकड्यावर पाणी सोडू नये.

ठिबकची नागमोडी वाट

मोजल्यावर पाणी तेवढेच देता आले पाहिजे. इस्रायलमधील हात्झेरिम या वसाहतीत १९६५ साली सिम्खा ब्लास यांच्या कल्पनेवर ठिबकचा कारखाना सुरू झाला. ठिबकची तोटी फोडून पाहिली तर आत नुसते भोक नसते, नागमोडी अरुंद वाट असते. वळणावळणावर पाणी आपटते, भोवरे होतात, जोर मोडतो आणि बाहेर थेंब पडतो. वाट जेमतेम मिलिमीटरभर रुंद, म्हणून गाळ आणि क्षार तिचे शत्रू. साधारण १३० मायक्रॉनची जाळी असलेला फिल्टर त्यासाठीच असतो. तो न धुता ठिबकला नावे ठेवणे बरोबर नाही.

तोटीतून पडलेले पाणी पुढे कुठे जाईल हे पुन्हा मातीच्या नळ्याच ठरवतात. काळ्या रानात ते आडवे पसरते, हलक्या रानात सरळ खाली उतरते. म्हणून हलक्या रानात तोट्या जवळजवळ हव्यात आणि पाणी थोडे थोडे पण वरचेवर द्यावे.

झाडाच्या पोटातली कुपी

कुपीची कल्पना शास्त्रज्ञांनी आता कुठवर नेली आहे तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टोबायस व्हीलर आणि अब्राहम स्ट्रूक यांनी २००८ साली कृत्रिम झाडच तयार केले. झाड मुळातून पानापर्यंत पाणी ओढते ती ओढ त्यांनी बारीक छिद्रांच्या पदार्थात निर्माण करून दाखवली. त्याच विद्यापीठातून २०१४ साली सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला सूक्ष्म टेन्सिओमीटर जाहीर झाला. त्याची छिद्रे मायक्रॉनमध्ये नव्हे, त्याच्याही हजाराव्या भागात मोजावी लागतात. छिद्रे इतकी बारीक आणि आतले पाणी इतके थोडे की बुडबुडा धरायला जागाच मिळत नाही. त्यामुळे तो १०० बारच्या पुढचा ताणही मोजू शकतो, म्हणजे आपल्या रानातल्या कुपीच्या शंभरपटीहून जास्त. द्राक्षवेल किंवा सफरचंदासारख्या लाकडी खोडात तो बसवून झाडालाच तहान विचारता येते. उसाला तसे लाकडी खोड नाही, म्हणून आपल्याला तूर्त मातीलाच विचारावे लागेल. पण तत्त्व तेच, माठाचे.

आता करायचे काय

सगळ्यांनी उद्याच साधने घ्यावीत असे आम्ही म्हणत नाही. एका गटातल्या, एकाच प्रकारच्या जमिनीच्या चार-पाच सभासदांनी मिळून दोन नळ्यांची एक जोडी घ्यावी. एका हंगामात नेहमीच्या रिवाजाने पाणी द्यावे, पण प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर काटा वहीत लिहावा. किती पाळ्या ३० च्या आत असताना, म्हणजे गरज नसताना दिल्या, ते वहीच सांगेल. त्या वाचवल्या तर वीज, मजुरी आणि खताचा निचरा वाचतो आणि जमीनही वाचते. पाळीचे पाणी आपल्या हातात नसते हे आम्ही जाणतो. नंबर सोडला तर पुन्हा कधी मिळेल, ही भीती खरी आहे. पण विहीर किंवा ठिबक असणाऱ्यांना ही सबब नाही. आणि पाटाच्या पाण्यावरही सरी तुडुंब भरायची की अर्धी, एक आड एक सरी भिजवायची की सगळ्या, हे आपल्याच हातात असते.

माती परीक्षणाबरोबर विहिरीच्या पाण्याचेही परीक्षण करून घ्यावे, म्हणजे वर सांगितलेला पोत्यांचा हिशेब आपल्या पाण्यासाठी मांडता येईल. वही घेऊन गट ऑफिसात या. आपल्या रानाचा आकडा कोणता धरायचा ते शेतकी खात्यातील मंडळी आपल्याबरोबर बसून ठरवतील.